वैशालीच्या हातात मरणारे बोर्ड

"हिच्या हाताला यश नाही. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतोय," सावंत साहेब मला म्हणाले. वैशाली समोरच उभी होती. माझं डोकं तिथेच फिरलं.

भाईंदर पूर्वेतला हा छोटा गाळा सावंत साहेबांचा. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या यंत्राचे प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याचे सर्किट बोर्ड, तिथे बनत होते. वैशाली ते टेस्ट करायची. तिने हात लावला की चिप मरायची, साहेबांनी लावला की काही नाही. म्हणून मला, टेस्ट इंजिनिअरला, बाहेरून बोलावलं होतं.

सोल्डरिंग बघितलं. चोख होतं. मग चालू बोर्ड आणि जमीन यांच्यात मीटर लावला. पाच व्होल्टच्या बोर्डावर शंभराच्या वर व्होल्टेज! कुठून तरी मेन लाइन गळत होती. सॉकेट उघडलं, तर अर्थिंगची हिरवी वायर कापून टेप मारलेली. गळलेली वीज जमिनीत नेते ती हीच वायर.

"ही कोणी कापली?"

"मीच सांगितलं वायरमनला. ईएलसीबी सारखा ट्रिप व्हायचा. कामाची खोटी होते ना!"

ईएलसीबी म्हणजे गळती दिसली की लाइट तोडणारा स्विच. तो ओरडून सांगत होता, यांनी त्याचंच तोंड बंद केलं. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी!

"पण मला कुठे काय होतंय?" साहेबांनी बोर्डावर बोट टेकवलं. खरंच काही झालं नाही.

मी खाली बघितलं. दाराशी देव्हारा, म्हणून चपला बाहेर. वैशाली ओल्या लादीवर अनवाणी. वीज चिपमधून, तिच्या अंगातून, जमिनीत जात होती. साहेबांच्या पायात जाड रबरी सोलचे बूट. नियम फक्त स्टाफला.

"झिणझिण्या येतात बोलले होते मी," वैशाली म्हणाली. "साहेब बोलले, वहम आहे तुझा."

"साहेब, बूट काढा आणि परत हात लावा."

"कशाला उगाच?"

"शॉक नाही म्हणताय ना?"

नाही काढले. काढले असते तर हात लावण्याआधी मीच त्यांना अडवलं असतं, पण हे त्यांना माहीत नव्हतं.

अर्थिंग जोडलं. ईएलसीबी लगेच ट्रिप झाला. बेंचवरचे पॉवर सप्लाय एकेक करून काढले, तेव्हा गळका सापडला. तो बदलल्यावर वैशालीने सगळे बोर्ड टेस्ट केले. एकही मेला नाही. तिची नोकरी राहिली. सॉरी मात्र तिला कोणी म्हटलं नाही.

तेव्हापासून 'इथे शॉक बिक काही नाही' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो.