करडीचं तेल आणि मागची जीप

माझ्या नातीच्या सायकलला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. रविवारी सकाळी ती विष्णुपुरीच्या धरणापर्यंत जाऊन येते आणि मग आमच्या नांदेडच्या गच्चीवर सायकल उलटी करून चेनवर तेलाचा एकेक थेंब सोडत बसते. एकेक थेंब! मला बघवत नाही. मी शेजारी खुर्चीत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "आजी, आता काही दिवस गप बसायचं." गप बसणं मला बाळंतपणातही जमलेलं नाही.

परवा नात म्हणाली, "आजी, तू शर्यतीत होतीस ना? जिंकलीस का?"

"तू तेल घाल," मी म्हटलं. पण ते तेल पाहिल्यापासून चैन पडेना, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा मी अहमदपूरला शाळेत शिकवत होते. वय बावीस, लग्न नवं. नवऱ्याची काळी, उंच, पुरुषी सायकल मी शाळेत न्यायची आणि ते पायी कचेरीत जायचे. गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय आम्ही दिला होता. अशात अहमदपूर ते लातूर हौशी सायकलस्वारांची शर्यत जाहीर झाली. मी दुसऱ्याच दिवशी नाव द्यायला गेले. शर्यत भरवणारे गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मास्तरीणबाई, ही शर्यत हाय. शाळेची प्रभातफेरी न्हाई."

"बाई नको असं कागदावर कुठं लिहिलंय?"

"म्हशीनं झाडावर चढू नये, असं तरी कुठं लिहितात का?"

बसलेले सगळे हसले. मी हलले नाही. शेवटी मला घालवायला म्हणून ते म्हणाले, "असं करा. शर्यतीच्या मागं आमची जीप असती. जो थकला त्याला सायकलीसकट उचलती. तुम्ही जीपीत न बसता लातूरला पोचलात, तर पुढल्या साली कागदावर 'स्त्री-पुरुष' छापतो. बसलात, तर हा विषय कायमचा बंद. तुमच्यामागनं दुसरी कुणी आली तरी बंद."

"नाही बसणार," मी म्हणाले. त्या वयात 'नाही' म्हणायला काय लागतं?

मग मी तयारीला लागले. नातीला वाटतं, सायकल उघडीबोडकी करण्याची अक्कल तिच्या पिढीला आली. मी मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, स्टँड, सगळं पान्यानं काढून पलंगाखाली सारलं होतं. नवरा म्हणाला, "सीट तरी ठेव." शाळेआधी मी रोज चाकूरच्या दिशेनं जाऊन यायची. वर्गात शिकवतानाही टेबलाखाली पाय चालू असायचे.

आता तेल. एसटी स्टँडजवळचा सायकलवाला मला दोनदा म्हणाला होता, "बाई, मशीनचं तेल, दोन थेंब. आन् अधूनमधून रॉकेलनं धुवायचं. बाकी काई करू नका." पण मी करडीवाल्या शेतकऱ्याची लेक. वडील घाण्यावरून काढलेलं तेल डबा भरून पाठवायचे. ज्या तेलावर आम्ही पाच भावंडं पोसलो ते सायकलीला चालत नाही म्हणजे काय? महिनाभर रोज संध्याकाळी मी मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलला पळीनं करडीचं तेल पाजलं. एवढ्यावर थांबले नाही. चौथीच्या वर्गाला 'शुद्ध तेलाचे उपयोग' हा धडा स्वतः रचून शिकवला. ती पोरं आज आजोबा झाली असतील. त्यांनी तो धडा विसरावा, एवढीच इच्छा.

शर्यतीच्या दिवशी पुरुष अर्ध्या चड्डीत आणि मी नांदेडहून शिवून आणलेल्या पंजाबी ड्रेसमध्ये. चेनमध्ये अडकू नये म्हणून सलवारीचे पाय लाल रिबिनींनी बांधलेले. शिट्टी वाजली. चाकूरपर्यंत मी दोघांना मागं टाकलं आणि वळून त्यांच्याकडे पाहून हसलेसुद्धा. चाकूर सुटल्यावर चढ लागला. ऊन तापलं होतं. मी जोर लावला आणि एकदम पाय हलके झाले. इतके हलके की वाटलं, काय ताकद आहे आपल्या अंगात! भराभरा पायडल मारायला लागले. मारता मारता लक्षात आलं, शेजारचं बाभळीचं झाड मघापासून शेजारीच आहे.

पायडल फिरत होतं, चेन फिरत होती, चाक जागेवर. फ्रीव्हीलच्या आत बारीक खुट्या असतात. त्या दात्यांत अडकल्या तरच चाक ओढलं जातं. माझ्या खुट्या माहेरच्या तेलात चिकटून झोपी गेल्या होत्या.

मागं टाकलेले ते दोघं पुढं निघून गेले. मागून जीप आली.

"बसा," ड्रायव्हर म्हणाला.

"नाही."

"बाई, लातुरात जेवणाची पंगत हाय. मला उशीर करू नका. बसा."

"तुम्ही जा पुढं."

"जाता येत न्हाई ना! सगळ्यांत मागल्याच्या मागं ऱ्हायचं, असा हुकूम हाय."

मी हातात सायकल धरून चढ चढायला लागले. आधी चालत, मग पळत. जीप माझ्या टाचेमागं घरघरत होती. मधूनमधून तो हॉर्न मारायचा आणि मी दचकून आणखी जोरात पळायची. उतारावर सायकलीवर बसायची, सपाटीला पुन्हा खाली. थांबले की बसेन, एवढंच डोक्यात. मी बसले की पुढल्या सगळ्या बसल्या.

रस्त्याकडेला करडीचं शेत आणि झोपडी होती. दारात एक बाई भाकरीवर तेल ओतून घेत होती.

"पोरी, सायकल असून पळून कामून राहिलीस?"

मी धापा टाकत मागचं चाक दाखवलं. तिनं बोट लावलं, बोट हुंगलं.

"करडीचं घातलंस?"

मी मान डोलावली. तिनं आपल्या तेलाची बाटली माझ्यापुढं धरली. बाटलीच्या गळ्याभोवती पिवळा, चिवट डिंक जमला होता. "हे वारं लागलं की असं होतंय. शिकलेली दिसतीस. घरात सैपाक कोण करतंय?"

उत्तर 'सासूबाई' असं होतं, म्हणून मी पुन्हा चाकच दाखवलं. तिनं चिमणीतलं रॉकेल वाटीत ओतून दिलं. सायकल आडवी करून मी ते फ्रीव्हीलमध्ये सोडलं आणि चाक उलटं फिरवत राहिले. काळपट पिवळा चिखल वाहायला लागला. जीपीतून आवाज आला, "मदत घेतली! मदत चालत न्हाई!"

"तुझ्या जीपीत बसली का ती?" बाई ओरडली. "मग गप ऱ्हा!"

शेवटी आतून एकदा कट् झालं. मग कट्-कट्-कट्. तिला नीट रामराम न करताच मी सायकलीवर उडी मारली.

लातूरला पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. मांडवाचे बांबू निघत होते. शिट्टीवाले टेबलावरची चादर घडी करत होते.

"वेळ घेणारा घरी गेला," ते म्हणाले.

"वेळ नको. मी पोचले एवढं लिहा."

"पोचलात कशावरनं? जीपीत बसून आलात आन् वेशीजवळ उतरलात, असं बी असंल."

हे मात्र मला सुचलंच नव्हतं. महिनाभर तेल पाजलं, पण साक्षीदार लागेल हे डोक्यात आलं नाही. मी नुसती हँडल धरून उभी.

जीपीचा दरवाजा आपटला. ड्रायव्हर उपाशी, लालबुंद. आता हा काय सांगतो?

"न्हाई बसली," तो म्हणाला. "लई म्हणलं बस बस. शिव्या बी घातल्या. माझी पंगत बुडाली हिच्यापायी. पण बसली न्हाई. लिहा तुमी."

शिट्टीवाल्यांनी घडी मोडली, चादर पुन्हा पसरली, कागद काढला आणि सगळ्यांत खाली माझं नाव लिहिलं.

पुढल्या वर्षी कागदावर 'स्त्री-पुरुष' छापून आलं. चार पोरींनी नावं दिली. मला आठवा महिना होता. सासूबाई माझा दंड घट्ट धरून अहमदपूरच्या रस्त्याकडेला उभ्या होत्या, आणि मी दर पोरीला ओरडून सीट वर घे, मान खाली घाल, असं काहीबाही सांगत होते. एकीनंही ऐकलं नाही.

"चला आता घरी," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा, शेवटची वळणापलीकडं जाऊ द्या."

ती गेली. सासूबाईंचा हात सोडवून मी वळणापर्यंत चालत गेले.