घरचं वाचन

संजनाला वाचता येत होतं. पण शाळेला ते घरून, फोनमधून दिसायला हवं होतं, आणि तिथंच लंकाबाईचं घोडं अडलं होतं.

संजना तिची नात, तिसरीतली. सकाळची शाळा सुटून गेल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला वर्गाच्या ग्रुपवर वाचनाचा धडा यायचा; पोरानं तो घरी वाचतानाचा व्हिडिओ त्याच दिवशी पाठवायचा. ग्रुपवर नंबर बापाचा, राकेशचा. राकेश सातपूरच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला. गेटातून आत शिरताना फोन वॉचमनच्या खणात ठेवायचा, आणि घरी यायचा तो पोर झोपल्यावर. सून बाळंतपणाला देवळ्याला गेलेली, तिचा फोनही तिच्याबरोबर. लंकाबाईचा फोन बटणाचा. त्यात बोलता येतं आणि बॅटरी पेटते, बास.

आठवडाभर व्हिडिओ गेला नाही, तेव्हा ज्योत्स्ना मॅडमनी संजनाला सांगितलं, सोमवारपासून मागच्या रांगेत, अक्षरं लावणाऱ्या मुलांत बसायचं. संजनानं घरी येऊन दप्तर कॉटखाली ढकललं. तिथं बसवलं तर शाळेतच जाणार नाही म्हणाली.

मग लंकाबाईनं तिला बसमध्ये घातलं आणि संध्याकाळच्या जेवणाच्या सुट्टीला कारखान्याचं गेट गाठलं. राकेशनं खणातून फोन मागून घेतला. वॉचमननं बसायला स्टूल दिलं, वर एका ट्रकवाल्याला हॉर्नवरून दमही भरला. पोरीनं न अडखळता धडा वाचला. व्हिडिओ गेला, आणि लगेच मॅडमचं उत्तर आलं, की मागे आवाज फार आहे, घरी शांत जागी बसवून पुन्हा पाठवा.

"आई, रजा टाकू का?" राकेशनं विचारलं.

"टाक ना. पोरीला वाचता येतं म्हणून तुझा खाडा होऊ दे."

सोमवारी ती नातीबरोबर वर्गाच्या दारातच जाऊन उभी राहिली.

"मॅडम, पोरगी रोज तुमच्याच म्होरं बसती. तुम्हीच वाचून घ्या की."

ज्योत्स्ना मॅडमनी कपाळ चोळलं. "आजी, ती वाचते हे मला ठाऊक आहे. पण मला वरती घरचाच व्हिडिओ पाठवावा लागतो. मागं शाळेची भिंत दिसली की परत येतो."

मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. भांडायला आलेली लंकाबाई जरा ढिली पडली, पण राग काही गेला नाही. तिनं खांद्यावरचा पदर सोडला आणि भिंतीवरच्या पाढ्यांवर दोन्ही हातांनी ताणून धरला.

"हे घ्या घर. काढा आता."

मॅडमनी वर्गाला गप्प करून स्वतःचा फोन काढला. संजनानं पदरापुढं उभं राहून वाचलं. लंकाबाईचे हात भरून आले, तसं मागचं घरही थोडं हललं. पण वाचून झाल्यावर पोर आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसली.

दुपारी ग्रुपवर शाबासकी आली, घरी असाच सराव करून घ्या म्हणून. तिच्याखाली नवा धडा. फोन वॉचमनच्या खणात वाजत होता. इकडे लंकाबाईनं चपला पायात सरकवल्या आणि नातीला हाक मारली, "चल गं, गेटावर. आज काय आलंय बघू."