व्हर्नेल टिब्सची वाजवायची खोड

व्हर्नेल टिब्सला गप्प बसता येत नसे, आणि आमच्या दुर्दैवाने त्याच्याकडे माऊथ ऑर्गन होता. एक नव्हे, पट्टाभर. प्रत्येक पट्टीला वेगळा लागतो, म्हणून ते सगळे कमरेला खोचून हा वेस्ट थर्ड स्ट्रीटवरून शिकारीला निघाल्यासारखा हिंडायचा.

ठेक्यावर नाचवणाऱ्या आमच्यासारख्या फंक बँडचं माऊथ ऑर्गनवाचून काही अडत नाही. आमचं व्हर्नेलवाचून अडलं, कारण त्याच्याकडे व्हॅन होती. आमच्या डेटन शहरात तेव्हा गल्लोगल्ली बँड होते, व्हॅन मात्र एखाद्याकडेच. अशी सुरू झाली ही थोर कारकीर्द. मी ड्रमवर, त्यामुळे रोज त्याची पाठ बघणं माझ्या नशिबी आलं.

आमच्या संगीतात सम सगळ्यांची. समेवर सगळ्यांनी एकदम आदळायचं, मग ज्याने त्याने दुसऱ्यासाठी जागा सोडायची. हे शेंबड्या पोरालाही कळतं. व्हर्नेलला मात्र रिकामी जागा दिसली की ती बुजवल्याशिवाय चैन पडत नसे.

"अरे, श्वास तरी घे!" आमचा म्होरक्या हॉलिस ओरडायचा.

"श्वास आत घेतानाही वाजतं की हे," हा वर तोंड करून सांगायचा.

शेवटी सिनसिनाटीच्या एका स्टुडिओत आमची रेकॉर्ड व्हायचं ठरलं. फ्रिजच्या कारखान्यातली नोकरी व्हर्नेलने बँडपायी सोडली, तेव्हापासून त्याची आई, सगळ्यांची मिस ओडेसा, त्याच्याशी धड बोलत नव्हती. रेकॉर्डवर मी वाजवणार, असं त्याने सांगितल्यावर म्हातारीचा अबोला सुटला. तिने सगळ्या चर्चला ऐकवलं.

गाण्याच्या मध्यावर मी एक जागा बांधली होती. सगळ्यांनी एकदम थांबायचं, पूर्ण शांतता, मग सम. महिनोन्‌महिने घासून बसवलेली जागा ती. या गाढवाने तीही बुजवली, प्रत्येक वेळी. हॉलिसने काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसाला खूण केली आणि त्याने माऊथ ऑर्गन अख्ख्या गाण्यातून पुसून टाकला. व्हर्नेलला हे कोणीच सांगितलं नाही. घरी त्याच्याच व्हॅनमधून जायचं होतं.

रेकॉर्ड आली आणि बर्नीसच्या खानावळीतल्या, नाण्यावर वाजणाऱ्या ज्यूकबॉक्समध्ये लागली. मिस ओडेसा रविवारची टोपी घालून, चर्चच्या बायकांना घेऊन आली. तळलेले मासे समोर निवत होते. गाणं सुरू झालं, रंगलं, निम्मं झालं. व्हर्नेलचा चेहरा उतरत गेला. मला, खरं सांगतो, गंमत वाटत होती.

"बाळा, तू कुठायस रे यात?" म्हातारीने विचारलं.

तेवढ्यात मधली शांतता आली.

"हा बघ, आई," व्हर्नेल घाईने म्हणाला, "इथे. सगळे वाजवतात, पण एवढं थांबायचं काम माझं."

काय हा निर्लज्जपणा! जन्मात एक क्षण न थांबलेला माणूस माझी जागा माझ्या डोळ्यांदेखत चोरत होता. एकही बाई हसली नाही. मिस ओडेसाने ज्यूकबॉक्समध्ये पुन्हा नाणं टाकलं आणि ती माझ्याकडे वळली.

"खरं का रे, थॅडियस?"

व्हर्नेल टेबलाकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून काही निघत नव्हतं.

"हो, मिस ओडेसा," मी म्हणालो. "तिथे आम्ही कोणीच नसतो. तो एकटाच असतो."