मामाची पुरचुंडी

माझा मामा कुणावरच विश्वास ठेवत नाही. सख्ख्या बहिणीनं, म्हणजे माझ्या आईनं, चहात साखर घातलीय म्हटलं तरी हा आधी चमचा फिरवून बघणार. चौकात त्याचं मोटरसायकलचं गॅरेज आहे. शाळा सोडल्यापासून मी तिथंच असते. लोक म्हणतात, मिस्त्री खडूस आहे. असेल. पण माझा आहे, तेव्हा बाकीच्यांनी तोंड सांभाळून बोलायचं.

तो असा झाला त्याला कारण आहे. पूर्वी तो बस डेपोत फिटर होता. एकदा स्टोअरमधून सामान गेलं आणि आळ आला मामावर. सामान नंतर दुसऱ्याच कपाटात सापडलं. पण चोर म्हणायला अख्खा डेपो जमला होता, आणि 'चुकलो बाबा' म्हणायला कुणी फिरकलं नाही. मामानं नोकरी सोडली. तेव्हापासून गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू, झिजलेला वायसर का असेना, तो फडक्यात बांधतो आणि पुरचुंडी गिऱ्हाइकाच्या हातात देतो. लोक ती कोपऱ्यावरच्या कचऱ्यात फेकतात. मामा तरी बांधतोच.

म्हणूनच जेव्हा दवाखान्यातला कंपाउंडर भर चौकात ओरडला, "या मिस्त्रीनं माझा कार्बोरेटर काढून घेतला, कुणाचा तरी जुना घातला!" तेव्हा मामाच्या हातातला पाना तसाच राहिला. परत तेच.

सर्व्हिसिंग झाल्यापासून त्याची गाडी थोडी चालली की बंद पडायची. किका मारून पाय गळाले तरी उठायची नाही. मग ढकलत आमच्याकडे. मामा नेहमीसारखं आधी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचा, झाकण लावायचा, किक मारायचा, की गाडी चालू!

"बघा," कंपाउंडर म्हणाला, "तुमच्या हातात आली की शहाणी होते. काहीतरी केलंय तुम्ही."

"काय केलंय? मंतर मारलाय?" मी म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस."

"का? दवाखाना आहे का हा, नंबर लागेपर्यंत गप्प बसायला?"

मला वाटत होतं, हाच नाटक करतोय. पलीकडच्या गल्लीत नवीन गॅरेज निघालंय, त्याच्या मालकाशी याला कुजबुजताना मी पाहिलं होतं. मामाला बाजूला घेऊन सांगितलं.

"मलाही तसंच वाटतंय," मामा म्हणाला. "पण डेपोवाल्यांनाही वाटलंच होतं गं."

मग तो कंपाउंडरला म्हणाला, "तुम्ही चालवा, मी मागं बसतो. रोजचाच रस्ता घ्या."

मी दुसऱ्या गाडीवर मागोमाग. कंपाउंडर आरशातून मामाच्या हातांवर डोळा ठेवून, मामा त्याच्या हातांवर, हा गुपचूप चावी फिरवतो का म्हणून. मी दोघांवर.

चढाला गाडीनं दोन आचके दिले आणि मेली.

मी सवयीनं टाकीच्या झाकणाला हात घातला. मामा खेकसला, "थांब कार्टे! दर वेळी आपण पहिलं तेच उघडतो. आज शेवटी."

प्लग काढला. ठिणगी झकास, पण प्लग कोरडा ठणठणीत. कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू सैल केला. थेंब नाही.

"वर टाकी भरलेली आणि खाली दुष्काळ," मामा पुटपुटला. स्क्रू तसाच ठेवून त्यानं झाकण हळूच उघडलं. सुस्स! टाकीनं हवा ओढली आणि खाली पेट्रोलची धार लागली.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बंद झालं की पेट्रोल खाली उतरत नाही. मामानं झाकण उलटं करून नखानं खरवडलं. पांढरं मेण!

"बोला, कुणी बुजवलं?" मी कंपाउंडरला विचारलं. तो झाकण हातात घेऊन भोक शोधायला लागला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

गाडी रात्रभर जिथं असते तिथं, त्याच्या घरी गेलो. गाडी लावायच्या बोळातच त्याच्या वडिलांची खाट. झाकण दिसताच म्हातारबा म्हणाले, "मीच बुजवलं. सर्व्हिसिंग करून, टाकी भरून आणली आणि इथं सगळा वास. वास येतो म्हणजे पेट्रोल उडतंय की! भोक यानंच पाडलं असणार, या मिस्त्रीनं."

"काका, टाकीजवळ मेणबत्ती पेटवली?" मी किंचाळलेच.

"मी काय खुळा आहे? झाकण ओट्यावर नेलं होतं."

आम्ही चौकात परत आलो. कंपाउंडर खाली बघत म्हणाला, "मिस्त्रींनी काही बदललं नव्हतं."

"ओरडताना आवाज एवढाच होता का?" मी म्हणाले.

मग तो मोठ्यानं बोलला. चहावाल्यानं ऐकलं, पंक्चरवाल्यानं ऐकलं. मामानं मान वर केली नाही. खरवडलेलं मेण फडक्यात बांधून त्यानं पुरचुंडी पुढं केली.

कंपाउंडरनं तिथंच गाठ सोडली आणि आत डोकावून बघितलं. माझं डोकंच फिरलं. "अजून संशय आहे?"

"बघू दे गं," मामा म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी हसला. "आजवर उघडून बघणारा हा पहिलाच."