हिरामणदादांना चढत नाही

आगरदांड्याच्या धक्क्यावर बोटीचा दोर झेलण्यात हिरामणदादांचं आयुष्य गेलं. दोर झेलला की ते खांबाला वेढा मारत आणि मग कमरेवर हात ठेवून बोटीकडे असे बघत, जणू बोट त्यांच्या परवानगीनंच थांबली आहे. पण गावात त्यांचं नाव झालं ते दोरामुळे नव्हे. कितीही घेतली तरी त्यांना चढत नाही, हे नाव. कुणाच्याही हळदीला मांडवातल्या इतर मंडळींचे पाय वाकडे पडू लागले की दादा एकेकाला बखोटीला धरून घरी पोचवत. "बारीकशी घेतली की माणूस गातो, जास्त घेतली की रडतो. मी दोन्ही न्हाय करत," असं ते सांगत. यात त्यांना पदवीधर झाल्यासारखं वाटे.

त्यांची बायको कमळ चारचौघांत या पदवीचा उच्चारही होऊ देत नसे. मुलगी रुचिका हिचं उरणकडच्या दिपेशशी जमत आलं, तेव्हा दिपेशचे वडील कोंडाजी यांनी अगदी सहज विचारलं होतं, "व्याहीबुवांना काय सवय?" कमळनं तितक्याच सहज सांगितलं होतं, "चहाची." आमच्याकडे मुलीचा बाप लग्न ठरेपर्यंत चहाच पितो. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी खोदून विचारत नाही.

घोटाळा केला हर्नियानं. शस्त्रक्रियेसाठी दादा अलिबागच्या एका दवाखान्यात दाखल व्हायला गेले आणि नेमके त्याच सकाळी कोंडाजी शहाळी घेऊन भेटायला आले. मिठागरं सोडून ट्रकच्या धंद्यात गेलेला, भरदार मिशांचा माणूस. ते खाटेशेजारी बसले न बसले, तोच भूल देणाऱ्या डॉक्टर पूनम आल्या.

"काका, दारू घेता?"

दादांनी छताकडे बघितलं. "थेंब न्हाय."

"सकाळपासून पोटात काही?"

"कडकडीत उपाशी हाय. पाणीसुद्धा न्हाय."

हे खरंच होतं. पाणी नव्हतंच. मात्र कमळचा चेहरा पडला. निघण्याआधी दादा माडीवाल्या रतनच्या दुकानामागे जाऊन आले होते, आणि गाडीत तोंडाला माडीचा वास येत होता. धीर यायला घेतली असेल, असं समजून ती गप्प राहिली होती. आता ती व्याह्यांकडे बघे, नवऱ्याकडे बघे आणि पदराचं टोक पिळे. खरं सांगावं तर मुलीचं लग्न, न सांगावं तर नवरा.

डॉक्टर दाराशी पोचल्या.

"मॅडम," कमळ म्हणाली, "रोज घेतात. संध्याकाळी ठरलेली, आन् दुपारीपण कधी. आजपण घेऊन आलेत."

"अगो, ते औषध म्हणून," दादा पुटपुटले.

डॉक्टर परत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "काका, दारू आणि गुंगीचं औषध मेंदूत एकाच दारानं आत शिरतात. तुमच्या दारावरचा राखणदार रोजच्या दारूनं निर्ढावलाय. म्हणून माझं नेहमीचं औषध तुम्हाला पुरणार नाही."

दादांची छाती किंचित फुगली. "म्हणजे चढणार न्हाय."

"पुढचं ऐका. आज तुमच्या अंगात दारू आहे. त्यावर मी औषध दिलं तर दोघं मिळून तुमच्या श्वासावर बसतील. मेंदूला गुंगीची सवय झाली म्हणून श्वासालाही झाली असं नसतं. आणि घाबरून घरी एकदम बंदही करू नका, झटके येऊ शकतात. इथे आमच्या नजरेखाली सोडवू, मग ऑपरेशन."

कमळ कोंडाजींकडे बघायचं टाळत होती. कोंडाजींनी एक शहाळं उचललं, ठेवलं, मिशी पुसली.

"विहीणबाई, मला कुणी विचारलंच न्हाय," ते म्हणाले, "पण माझं पित्ताचं ऑपरेशन झालं ना, तवा मीपण थेंब न्हायच बोललेलो. मधीच जाग आली. डॉक्टरला विचारलं, ट्रक कुठं लावलाय?"

कमळ हसली आणि तिला रडूही आलं. "आन् दिपेशच्या आईनं आम्हाला काय सांगितलं होतं?"

"सरबताची सवय."

लग्न तिथंच पक्कं झालं, असं दादा अजून सांगतात.

दवाखान्यातले पुढचे दिवस काही मजेचे नव्हते. हात थरथरायचे, घाम फुटायचा, आणि कमळ पंख्याखाली बसून त्यांच्या कपाळावरून ओला पंचा फिरवायची. त्यातून सावरल्यावर रीतसर शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर येताच दादांनी पहिला प्रश्न डॉक्टरांना केला.

"किती लागली?"

"नेहमीच्या माणसाला लागते तितकीच, काका. घोरत होता. आता राखणदार पुन्हा नवखा झालाय. जुन्या मापानं घ्याल तर आडवे व्हाल."

दादांना टाक्यांपेक्षा हे जास्त लागलं.

रुचिकाच्या हळदीला रतननं सवयीनं भरलेला पेला पुढे केला. दादांनी तो बघितला, कमळकडे बघितलं.

"नगो रे," ते म्हणाले, "मला आता चढते."

मग कोकमाचं सरबत संपवून ते उठले आणि मांडवातल्या पहिल्या वाकड्या पायाच्या माणसाला बखोटीला धरलं. ते व्याहीच होते.