पाखरांचं सरबत

तेलाच्या रिकाम्या कॅनला तळाशी भोकं पाडायची असतात, म्हणजे आत पाणी साचत नाही, एवढं मला माहीत होतं. केवढी पाडायची ते माहीत नव्हतं. मी गॅसवर पेचकस लालभडक तापवला आणि विज्ञानाच्या मास्तराला शोभेल अशा आत्मविश्वासानं चार भोकं पाडली. मागच्या अंगणातल्या पेरूच्या फांदीला कॅन टांगला, दोन्ही पोरींना टाळ्या वाजवायला लावल्या आणि वरून किलोभर ज्वारी ओतली. ती जशी वरून गेली तशीच खालून आली. खाली बाजेवर, धुतलेल्या लुगड्यावर, बायकोनं पहाटे उठून घातलेल्या ओल्या कुरडया होत्या.

ओल्या कुरडईत रुतलेला ज्वारीचा दाणा निघत नाही. निघालाच तर कुरडईचा तुकडा घेऊन निघतो.

बायको नांदेडची, विष्णुपुरीकडची. तिनं बाजेकडं पाहिलं, मग कॅनकडं, मग माझ्याकडं.

"अहो, चिमण्यांना चारून राहिलात, का माझ्या कुरडयांना?"

आणि लगेच हुकूम सुटला. "आजपासून माझ्या डब्यातल्या ज्वारीला हात लावायचा नाही. पाखरांचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

सगळे हसलो. पुढं जे झालं ते या वाक्यापासून सुरू झालं, पण त्यात तिचा काही दोष नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण दोष दुसऱ्याच्या पदरात टाकण्यात मी किती हुशार आहे ते पुढं दिसेलच.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. लातूरच्या उन्हात पोरींना बाहेर सोडायची सोय नाही, आणि घरात ठेवलं की मोबाईल. म्हणून हा पाखरांचा उद्योग मी काढला होता. दुसऱ्या कॅनला दाभणानं बारीक भोकं पाडली. तीन करवंट्या सुतळीनं टांगल्या. गावाकडून आणलेली ज्वारीची चिपाडं होती. लहानपणी आम्ही त्यांच्या बैलगाड्या करायचो, तसं सोलून, आतला पांढरा गाभा आणि वरची साल एकमेकांत खोचून मी पाखरांसाठी झोपाळा केला. तो झोपाळ्यापेक्षा मोडक्या खुर्चीसारखा दिसत होता. धाकटी, पाच वर्षांची, म्हणाली, "पप्पा, ह्याच्यावर बसल्यावर चिमणी पडंल की."

थोरली अकरा वर्षांची. तिला सपाट जागा दिसली की रंगवावीशी वाटायची. माझ्या स्कूटरच्या मडगार्डवर तिनं काढलेला मासा होता. शाळेतले सहकारी त्यावरून मला मासेवाला म्हणायचे आणि मला ते आवडायचं. तिनं विचारलं, "पप्पा, करवंट्या रंगवू?" मी म्हणालो, "रंगव की." गेट रंगवून उरलेला तांबडा आणि पिवळा ऑइलपेंट होता, तो मीच काढून दिला. तिनं प्रत्येक करवंटीला डोळे आणि चोच काढली. तीन दिवस वास गेला नव्हता.

चौथ्या दिवशी चिमण्या आल्या. मग साळुंक्या आल्या, भांडत. मग होल्यांची एक जोडी आली आणि तिनं मागच्या खिडकीतल्या कूलरच्या डोक्यावर सातआठ काड्या टाकून घरटं केलं. ते बघून मला माझ्या झोपाळ्याबद्दल जरा बरं वाटलं. दोन अंडी झाली, दोन पिल्लं निघाली. बायकोनं कूलर बंद ठेवला. ज्यांनी लातूरचा उन्हाळा काढलाय त्यांना हे किती मोठं दान आहे ते कळेल. थोरली स्टुलावर उभी राहून हातआरसा वर धरायची आणि त्यातून पिल्लं बघायची. उतरली की चित्र काढायची. भिंतीवर होल्यांची चौदा-पंधरा चित्रं लागली होती.

दाणे संपले. बायकोच्या डब्याला बंदी. बाजारात जायचं तर भर उन्हात गाडी काढायची. तेव्हा मला जिन्याखालची लाल पिशवी आठवली.

तिची हकीकत अशी. माझा मोठा भाऊ देवणीकडं गावात शेती करतो. पेरणीला त्यानं लातुरातून ज्वारीचं बियाणं नेलं होतं, त्यातली एक फोडलेली पिशवी उरली. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही शेतात भज्जी-आंबील खायला गेलो, तेव्हा ती त्यानं माझ्या गाडीला अडकवली. "दुकानदाराला वापस दे. आणि औषध लावलेलं हाय, लेकरांच्या हाताला लागू देऊ नको." फोडलेली पिशवी दुकानदारानं घेतली नाही. मी ती जिन्याखाली खिळ्याला टांगली. आमच्याकडं शेतातल्या विषाला औषधच म्हणतात. मीही शेतकऱ्याच्या पोटचा आहे, मला ते माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पण मी विज्ञानाचा मास्तर. मी फरशी पुसायची बादली घेतली, बियाणं तिच्यात ओतलं आणि पाणी सोडलं. पाणी गडद गुलाबी झालं. धाकटी शेजारी उकिडवी बसली होती.

"पप्पा, सरबत हाय?"

"पाखरांचं सरबत," मी म्हणालो आणि तिचा हात मागं ओढला.

म्हणजे तिचा हात मागं ओढण्याइतकी अक्कल त्या वेळी मला होती. पाच पाण्यांनी धुतलं. शेवटचं पाणी नितळ निघालं. विद्राव्य पदार्थ पाण्यात विरघळून जातात, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. दाणा ते औषध पोटात ओढून घेतो की काय, अशी शंका आली होती. भावाला एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही. तो हसला असता. गच्चीवर दिवसभर दाणे वाळवले, गुलाबीपणा जवळजवळ गेला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करवंट्या भरल्या. भरायचं काम थोरलीचं होतं. त्या दिवशी मीच भरलं. कोणी विचारलंही नाही.

सकाळी थोरलीची हाक आली. ती ओरडली नव्हती. नुसतं "पप्पा" म्हणाली, पण मी ब्रश तोंडात धरून धावलो. पेरूखाली एक चिमणी पंख पसरून बसली होती, उडता येत नव्हतं. मान एका बाजूला कलंडत होती. जवळच दोन चिमण्या पडल्या होत्या. पाण्याच्या परळाच्या काठाला एक साळुंकी, चोच पाण्यात. कंपाउंडच्या भिंतीवरून एक होला खाली आला, उडत नव्हे, घसरत. थोरलीनं त्याला ओंजळीत घेतलं. शाईच्या ड्रॉपरनं पाणी घातलं, ते चोचीतून बाहेर आलं. तो तिच्या हातातच गेला. तिला बराच वेळ ते कळलं नाही. मला कळलं होतं. दुसरा होला दुपारी कूलरच्या मागं सापडला.

संध्याकाळपर्यंत सापडलेली अकरा पाखरं मी कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली. खड्डा खणताना थोरली मागं उभी होती.

"पप्पा, माझ्या रंगानं झालं का?"

मी खोऱ्यावरून वर पाहिलं. मागच्या दारात बायको उभी होती, हातात परात.

"असू शकतं," मी म्हणालो. "ऑइलपेंट विषारी असतो."

हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या खोटं नाही. म्हणूनच ते मला इतकं पटकन सुचलं. बायको परात घेऊन आत गेली.

पिल्लं उरली होती. आम्ही भिजवलेल्या डाळीचं पीठ काडीनं घालून बघितलं. होल्याची पिल्लं चोच उघडून मागत नाहीत, ती आईच्या चोचीत चोच घालून खातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवस बारीक आवाज येत राहिला. थोरली स्टुलावरून उतरायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवाज थांबला, तेव्हा तिनं आरसा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्हीच बघा."

सकाळी घंटागाडी आली. तिनं तिचे सगळे रंग, वॉटरकलर, क्रेयॉन, ब्रश, एका पिशवीत घालून स्वतः नेऊन टाकले. भिंतीवरची चित्रं काढली. मी दारात उभा होतो. "अगं, राहू दे," एवढंच म्हणालो. खरं सांगायला ती वेळ चांगली होती. गाडी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत वेळ होता.

उरलेले दाणे मी भर दुपारी शाळेमागच्या पडीक जागेत खोल खड्डा करून पुरले. पोरगी हात धूत राहायची. जेवायच्या आधी, जेवल्यावर, मधेच. नखांच्या कडा सोलल्या गेल्या. धाकटीनं तिच्यापुढं स्केचपेन धरलं की ही हात मागं घ्यायची. मी तिला समजावायचो, "बेटा, तुला काय माहीत होतं? चूक सगळ्यांकडून होते." म्हणजे मी तिला माझा गुन्हा माफ करत होतो. बायको त्या दिवसांत फरशी रोज पुसायची, आणि मी पाय वर घेऊन पेपर वाचायचो.

असे तीन आठवडे गेले. सांगणारच होतो, असं लिहायला मला आवडलं असतं.

मृगाच्या तोंडावर भाऊ बी-बियाणं न्यायला लातूरला आला. बैठकीत चहा घेत होता. थोरली खिडकीशी बसलेली, धाकटी त्याच्या मांडीवर.

"काय रे, ती लाल पिशवी कुठाय?" त्यानं विचारलं. "दुकानदारानं घेतली न्हाई म्हनलास. आण, मी जाऊन गाडून टाकतो. लई जहाल हाय ते. आपल्या शेजाऱ्याच्या कोंबड्या गेल्या की तेनं."

"टाकली मी, दादा. कवाच," मी म्हणालो.

"टाकली न्हाई काका," धाकटी म्हणाली. "पप्पांनी धुतली. बादलीत. पाखरांचं सरबत केलं."

भावानं कप बशीत ठेवला. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग, शेतकरी माणूस, त्यानं खिडकीतून पेरूला लटकलेल्या रिकाम्या करवंट्यांकडं बघितलं. "आरं लेका," एवढंच तो हळू म्हणाला.

थोरली उठली नाही. तिथूनच तिनं विचारलं.

"म्हणजे रंग नव्हता?"

"नव्हता."

"तुम्हाला माहीत होतं?"

इथं अजून एक वाट होती. नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं. भाऊ सोबतीला होता, त्यानं सावरून घेतलं असतं. धाकटीच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं, तिनं ते बोटानं काढलं. मी ते बघत होतो.

"होतं," मी म्हणालो. "पहिल्या दिवशीच."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, आणि माझी सुटका झाली असती. ती स्वतःच्या हातांकडं बघत होती.

"मग मी माझे रंग का फेकले?"

ती आत गेली, भाजीची कात्री घेऊन अंगणात गेली आणि तिनं एकेक सुतळी कापली. करवंट्या खाली पडत होत्या, त्यांचे आवाज बैठकीत येत होते. भाऊ उठला, धोतर झटकलं आणि जेवायला न थांबता गेला. घरात आलेला तो कधी न जेवता गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी रंग आणले, जास्तच आणले, तिच्या टेबलावर ठेवले. पुडक्यावरचं प्लास्टिक अजून तसंच आहे. माझ्याशी ती बोलते. पाणी देऊ का, गेट लावलं का, असलं. स्कूटरवर मागं बसते, पण हात माझ्या खांद्यावर ठेवत नाही, सीटचा कठडा धरते.

भाऊ गेला त्या संध्याकाळी मी मागच्या पायरीवर बसलो होतो. बायको येऊन जवळ बसली आणि तिनं फरशीची बादली माझ्यापुढं ठेवली. आतल्या बाजूनं, कडेपासून चार बोटं खाली, गुलाबी रेघ होती.

"पहिल्या दिवशीच दिसली होती मला," ती म्हणाली. "घासली नाही. रोज हीच घेऊन तुमच्या समोरून फरशी पुसून राहिले. म्हटलं, आज बोलतील."