रुद्रप्पामामा आणि चुगलखोर रक्त

आमचे रुद्रप्पामामा बिडी ओढत नसत. बिडी त्यांच्या हातात असे, एवढंच. हुलसूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. धुरानं समोरचं गिऱ्हाईक दिसेनासं झालं तरी मामा शपथेवर सांगत, "मी कुठं ओढायलोय? ती आपली आपण जळायलीय. मी निस्तं धरलोय."

दुकानातल्या कापडालाही बिडीचा वास येई. एकदा संतपूरच्या एका सासूबाईंनी नव्या सुनेच्या साडीचा वास घेतला आणि पोरगी बिडी ओढते म्हणून घर डोक्यावर घेतलं. सुनेचे वडील साडी घेऊन दुकानात भांडायला आले. मामांनी साडी नाकाला लावली, डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "अण्णा, ही बिडी पोरीची न्हाई. माझी हाय." मग स्वतः संतपूरला गेले, सासूबाईंसमोर बसून एक बिडी ओढून दाखवली आणि सुनेची अब्रू वाचवली.

मी कलबुर्गीला एका प्रयोगशाळेत काम करते. धुरानं रक्तातल्या पेशींवर काय परिणाम होतो, ते आम्ही तपासत होतो. मामामामींच्या राजीखुशीनं मी दोघांचंही रक्त घेतलं. "बिडी ओढता?" या प्रश्नावर मामा म्हणाले, "कवाच सोडलो." निकाल आला तो मात्र रोज ओढणाऱ्याचा.

"जनुकं तीच राहतात, मामा," मी समजावलं. "पण कुठलं चालू, कुठलं बंद हे ठरवणाऱ्या बारीक रासायनिक खुणा त्यांच्यावर असतात. धुरानं त्या बदलतात."

"म्हंजे कापडाचं ठाण तेच, वरची चिठ्ठी बदलली."

"हो."

"बघ गं! माझंच रक्त, माझ्याच घरचं खाऊन वाढलेलं, आन् माझीच चुगली करायलंय!" दिवसभर आल्यागेल्याला हे सांगून ते हसत होते.

संध्याकाळी मी महादेवीमामींचा निकाल सांगितला. मामींनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. त्या फक्त गल्ल्यावर मामांशेजारी बसत. त्यांच्या रक्तातही तशाच खुणा होत्या, जरा फिकट. एवढ्यावरून एकट्या माणसाबद्दल खात्रीनं बोलता येत नाही, असं मी सांगत होते, पण मामांचं हसू थांबलं होतं.

"महादेवी, तुझ्या रक्तात कामून गं?"

"धूर तुमी सोडायलाव, मी गिळायलेय. नांदायला आल्यापास्नं."

दुसऱ्या दिवशी मामा बिडी घेऊन दुकानाबाहेर गेले. वाऱ्यानं धूर आत आला. ते रस्त्यापलीकडे गेले, तर गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. शेवटी त्यांनी बिडी टाकली ती कायमची. त्यापुढचे दिवस भयंकर होते. साडी नेसवलेल्या प्लास्टिकच्या बाहुलीवरसुद्धा ते ओरडले, "बघायलीस काय? घ्यायचं तर घे, न्हाई तर वाट सोड!" मामी हसून हसून खाली बसल्या. "बिडी बरी व्हती बाई," त्या म्हणाल्या, "निदान तोंड तरी बंद राहायचं."

त्यानंतर कितीतरी वर्षं, भेटलो की मामा विचारत, "हिचं पुसलं का गं?" मी सांगे, वर्षं लागतात, काही खुणा राहूनही जातात. ते मान खाली घालत आणि बडीशेप चघळू लागत.

गेल्या उन्हाळ्यात मामा हृदयविकारानं गेले. काही महिन्यांनी मामींचं रक्त आम्ही पुन्हा तपासलं. निकाल सांगायला मी दुकानात गेले, तेव्हा त्या गल्ल्यावर एकट्याच होत्या.

"मामी, चांगली बातमी आहे. खुणा जवळजवळ गेल्या."

त्यांनी शेजारची रिकामी गादी हातानं झटकली.

"समद्या न्हाई गेल्या ना?" त्यांनी विचारलं.